शेतातील टाकाऊ द्रव्ये आणि घन अम्ल उत्प्रेरक

कपाशीच्या पऱ्हाट्या, उसाची चिपाडे, मक्याची बुरकुंडे यांतील सेल्युलोजाचे अम्लाच्या साहाय्याने जलीय विच्छेदन केल्यास ग्लुकोज मिळते. विक्रिया पुढे नेल्यास त्यापासून लेव्ह्युलिनिक अम्ल व फॉर्मिक अम्ल तयार होतात. या कामी सामान्यतः सल्फ्यूरिक अम्ल योजिले जाते. परंतु ते पात्रे खाते, उत्पादितापासून वेगळे काढणे कठीण जाते, आणि चुन्याने उदासीन केल्यावर जिप्समचा ढीग तेवढा उरतो.

घन अम्ल मात्र गाळून पुन्हा वापरता येते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात अशा उत्प्रेरकांवर पुष्कळ संशोधन झाले आहे. तेथे अभ्यासिलेल्या टंगस्टोफॉस्फोरिक अम्लाच्या रेणूत फॉस्फरसाच्या १ अणूभोवती टंगस्टनाचे १२ अणू असतात. हे अम्ल अतितीव्र खरे, पण पाण्यात सहज विरघळते. यास्तव ते झिर्कोनियावर किंवा सच्छिद्र सिलिकेवर बसविण्यात येते. अशा उत्प्रेरकाने लेव्ह्युलिनिक अम्ल व अल्कोहॉल यांपासून, इंधनात मिसळण्याजोगी एस्टरे बनविता येतात.

प्रत्यक्ष चिपाडापासून आरंभ करणे अधिक अवघड. चिपाड घन, उत्प्रेरकही घन. त्यांचा संपर्क अपुरा राहतो. शिवाय शर्करेपासून ह्युमिन नामक काळे द्रव्य बनून छिद्रे बुजतात. ते जाळून काढावे, तर सुमारे ५०० अंश सेल्सिअसला हे अम्लच मोडू लागते. मांजलपूरजवळच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील एखाद्या लहान कारखानदाराने असा उत्प्रेरक घेण्यापूर्वी पहिल्या नव्हे, पाचव्या वापरानंतरचा उतारा विचारावा.