इंजिन नुकतंच बांधलं, तरी ऑईलमध्ये पाणी? आधी हेड बोल्टची भोकं तपासा; समजून घ्या कशी

चोपडा : मे महिन्यात खान्देशात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि गॅरेजच्या शेडखाली जुने ट्रॅक्टर उघडून ठेवलेले दिसतात. खरीप तोंडावर असतो. जून लागायच्या आत इंजिन बांधून मिळालं पाहिजे, अशी घाई असते.

आमच्या घरच्या ट्रॅक्टरचं काम याच घाईत झालं. पिस्टन, लाइनर, गॅस्केट सगळं नवं टाकलं. पंधरा दिवसांत ऑईल दुधाच्या चहासारखं दिसायला लागलं. पुन्हा हेड उतरवलं, तर गॅस्केट धडधाकट! पाणी एका हेड बोल्टच्या आट्यांतून वर येत होतं. "दादा, हे भोक आरपार होतं, तेवढं बघायचं राहिलं," मिस्त्रींनी प्रामाणिकपणे सांगितलं. तोवर दुसरं गॅस्केट, नवं ऑईल आणि पेरणीचे चार दिवस गेले होते.

भोकं दोन प्रकारची

हेड बोल्ट हेडमधून खाली उतरून ब्लॉकच्या आट्यांत बसतो. त्या भोकाचा तळ बंद असू शकतो किंवा ते आरपार जाऊन ब्लॉकमधल्या पाण्याच्या पोकळीत उघडू शकतं. एकाच ब्लॉकमध्ये दोन्ही प्रकार सापडतात. अमेरिकेत १९५५ मध्ये आलेल्या शेव्हरोलेच्या प्रसिद्ध स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिनात तर हेडचे सगळेच बोल्ट पाण्यात उतरतात. म्हणजे आरपार भोक हा दोष नाही, रचनाच तशी असते. फक्त दोन्हींची काळजी उलटी घ्यावी लागते.

चुकलं तर काय होतं?

*आरपार भोक :* आट्यांत कितीही घट्ट बसला तरी बोल्टभोवती बारीक फट राहतेच. इंजिन तापलं की पाण्याचा दाब वाढतो आणि पाणी त्या फटीतून वर चढतं. बोल्टचं डोकं बाहेर असेल तर गंजाचा ओघळ दिसतो. ते रॉकर कव्हरच्या आत असेल तर पाणी थेट ऑईलमध्ये जातं.

*बंद भोक :* इथे धोका आत साचलेल्या ऑईलचा किंवा पाण्याचा. द्रव दाबला जात नाही. १२ मिमीचा बोल्ट ९० न्यूटन-मीटरला आवळला, की साधारण पावणेचार टनांची ओढ तयार होते. भोकात ऑईल भरलेलं असेल तर ही ताकद हेड दाबण्याऐवजी ऑईलवर खर्च होते. टॉर्क पाना 'टक्' वाजतो, हेड मात्र सैलच राहतं. कधी कधी ब्लॉकला तडाही जातो.

गॅस्केट बाजारात मिळतं, जुना ब्लॉक सहज मिळत नाही. १९७१ पासून पिंजोरच्या कारखान्यात ट्रॅक्टर बनवणाऱ्या एचएमटीचं हे उत्पादन आता बंद आहे. अशा ट्रॅक्टरचा ब्लॉक तडकला, तर भंगारबाजार धुंडाळत फिरावं लागतं.

तपासायचं कसं?

१. बोल्ट काढताना जागा लक्षात ठेवा. पुठ्ठ्यावर हेडचा आकार काढून त्याच क्रमाने बोल्ट खोचून ठेवा. लांबी वेगवेगळी असू शकते.

२. जुन्या बोल्टचं टोक बघा. टोकावर गंज आणि क्षाराचा थर असेल, तर ते भोक बहुधा आरपार आहे. टोक ऑईलट आणि स्वच्छ असेल तर बहुधा बंद.

३. आटे साफ करा. धारदार टॅप मारला तर जुने आटे आणखी कापले जातात. त्याऐवजी त्याच मापाच्या जुन्या बोल्टला उभी खाच पाडून तो हाताने फिरवा. मग कॉम्प्रेसरची हवा मारा. डोळ्यांवर चष्मा आणि भोकावर कापड हवंच.

४. बारीक तार घालून खोली मोजा. तार टणक तळाला टेकली तर भोक बंद, गाळात रुतली किंवा पुढे गेली तर आरपार.

५. ब्लॉकमधलं पाणी काढून भोकात रॉकेल भरा आणि थोडा वेळ थांबा. पातळी उतरली तर भोक आरपार आहे. जे बंदच असायला हवं, त्यातली पातळी उतरली तर तड्याची शंका घ्या. अशा वेळी मशीन शॉपमध्ये डाय पेनेट्रंट किंवा प्रेशर टेस्ट करून घ्या. तपासणीनंतर भोक पूर्ण कोरडं करा.

बंद कसं करायचं?

आरपार भोकासाठी बोल्ट आणि आटे थिनरने पुसून घ्या. आट्यांच्या संपूर्ण घेरावर पाण्याला आणि उष्णतेला टिकणारं थ्रेड सीलंट लावून बोल्ट लगेच बसवा. टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, तिचे तुकडे पाण्याच्या वाटेत जातात. सीलंट वाळायला डब्यावर लिहिलेला वेळ द्या, मगच पाणी भरा.

बंद भोक कोरडं ठेवा. ऑईल लावायला मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तर ते बोल्टच्या आट्यांना लावा, भोकात ओतू नका. आट्यांवर ऑईल असलं की तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. त्यामुळे मॅन्युअलमधला आकडा कोरड्या आट्यांचा की ऑईल लावलेल्या, हे आधी बघा. आवळायचं मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने.

फेसिंग केलं असेल तर

हेड घासलं की ते पातळ होतं आणि बोल्ट तेवढा खोल जातो. बंद भोकात तो तळाला टेकला, तर पाना वाजतो पण हेड दाबलं जात नाही. हेड आणि गॅस्केट धरून ब्लॉकमध्ये किती बोल्ट उतरतो, हे मोजा. तो भोकाच्या खोलीपेक्षा कमीच हवा.

मिस्त्रींना विचारा

आरपार भोकं कोणती? त्यांना काय लावलं? बंद भोकं कोरडी केली का? लाइनरची रबर रिंग तपासली का? कारण पाण्यात बसणाऱ्या लाइनरची रिंग गेली तरीही ऑईल असंच पांढरं होतं.

ही तपासणी फार तर अर्ध्या दिवसाची आहे. हेड बसवण्याआधी तेवढा वेळ मिस्त्रींना द्या.