उभी राहिलेली होडी पुन्हा पाण्यात घालताना

(माजलगाव येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

मी शिडाच्या होडीवर बोलणार हे कळल्यावर मघाशी एकाने विचारलं, "सर, इथून समुद्र किती लांब?" लांब आहे, कबूल. पण सिंदफणेवर तुमचं धरण आहे, त्यात मासेमारीच्या होड्या आहेत. आणि मला जे सांगायचंय, ते तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना आधीच ठाऊक आहे. बैलगाडीचं चाक उन्हाळाभर नुसतं पडून राहिलं तर काय होतं? लाकूड आटतं, आरे खिळखिळे होतात, लोखंडी धाव सैल पडते. मग आपण ते पाण्यात भिजत घालतो. लाकूड फुगतं, चाक घट्ट होतं. लाकडी होडीचंही अगदी तसंच असतं.

कोकणात पावसाळा आला की होड्या किनाऱ्यावर ओढतात, झावळ्या किंवा ताडपत्री घालून शाकारतात. नारळी पौर्णिमेला मच्छीमार समुद्राला नारळ अर्पण करतात आणि नवा हंगाम सुरू होतो. शिडाने सफर करणाऱ्यांचे खरे दिवस मात्र त्यानंतरचे, साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारी. समुद्र शांत असतो. दुपारी खारे वारे, रात्री मतलई वारे, असा वाऱ्याचा नेम असतो. म्हणजे होडी चार महिने उभी होती. आपल्याला वाटतं, उभी होती, तिला काय झालं असणार? इथेच माणूस फसतो.

फळ्यांपासून सुरुवात करू. कोरड्या फळ्यांमध्ये फटी पडतात. त्या पाहून हात शिवशिवतात. वाटतं, कडक लांबी ठासून भरावी. मी स्वतः एकदा हे केलंय. पाण्यात गेल्यावर फळ्या फुगल्या, त्यांना जागाच उरली नाही आणि एक फळी खिळ्यांपासून उचकटली. म्हणून फटीत तेलात भिजवलेला कापूस बेताने ठोकायचा, वर मऊ राहणारं मिश्रण लावायचं. लाकूड फुगलं की कापूस दबतो आणि सांधा बंद होतो. चाकूचं टोक फळीत टोचून बघा. सहज आत गेलं तर लाकूड कुजलंय. तिथे रंग लावू नका, फळी बदला.

दुसरी गोष्ट धातूची. मोठ्या होडीच्या तळाला मुद्दाम ठेवलेली भोकं असतात, एखादं इंजिनाला थंड पाणी घ्यायला, एखादं सांडपाणी सोडायला. प्रत्येक भोकावर कॉक असतो. साध्या पितळेतलं जस्त खाऱ्या पाण्यात निघून जातं आणि उरतो तो ठिसूळ, गुलाबीसर धातू. जरा खरवडून बघायचं. पिवळा दिसला तर ठीक, गुलाबी दिसला तर कॉक बदलायचा. शिवाय प्रत्येक कॉकजवळ त्या मापाची लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवायची. कॉक तुटलाच तर ती ठोकता येते. पंख्याच्या दांड्याजवळ जस्ताचा ठोकळा असतो. तो आधी झिजतो आणि बाकीचा धातू वाचतो. अर्धा झिजला की नवा बसवा, आणि त्याच्यावर रंग लावू नका. रंग लावला की त्याचं कामच थांबतं.

आता डोलकाठी आणि शीड. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारांवरून कापसाचा बोळा फिरवा. जिथे कापूस अडकेल तिथे तारेचा एखादा धागा तुटलाय. तारेची टोकं जिथे फिटिंगमध्ये शिरतात तिथे जास्त बघा. शिडाचं कापड चांगलं दिसतं, पण उन्हाने शिवण आधी जाते. नखाने टाका ओढून बघा. आणि घडीत उंदीर शिरला होता का, तेही बघून घ्या.

एवढं बारीक कशाला बघायचं, त्याचं एक उदाहरण सांगतो. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधलेली 'म्हादेई' ही ५६ फुटी नौका २००९ साली नौदलात आली. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, वाटेत चार बंदरांत थांबून. त्याच नौकेतून अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ ला मुंबईहून निघाले आणि ३१ मार्च २०१३ ला परतले, कुठेही न थांबता. पहिल्या फेरीत दुरुस्तीला बंदर होतं, दुसऱ्या फेरीत नव्हतं. जे बघायचं ते निघण्याआधीच बघावं लागलं. आणि सगळं बघूनही समुद्र परीक्षा घेतोच. 'तारिणी'वरून २०१७-१८ मध्ये जगप्रदक्षिणा करणाऱ्या सहा महिला अधिकाऱ्यांना सुकाणूच्या यंत्रणेतल्या बिघाडामुळे मॉरिशसला थांबावं लागलं होतं.

होडी पाण्यात घालताना घाई नको. लाकडी होडी पहिले एक-दोन दिवस पाझरणारच. उथळ पाण्यात बांधून ठेवा, पाणी उपसत राहा. पाझर कमी होत गेला तर लाकूड फुगतंय. कमी होत नसेल तर होडी परत वर घ्या. पहिली फेरी काठाकाठाने, एक-दोन माणसांनिशीच.

तुमच्या धरणातही हेच लागू आहे. दुष्काळात पाणी खाली जातं, होडी भेगाळलेल्या गाळावर महिनोन् महिने उन्हात पडते. पाऊस होतो, धरण भरतं आणि त्याच दिवशी पाच जण बसून जाळं टाकायला निघतात. तसं करू नका. आधी होडीत पाणी भरून ती काठाशी दोन दिवस ठेवा. चाकाला जेवढा वेळ देता, तेवढा होडीलाही द्या. चाक निखळलं तर माणूस रस्त्यावर उतरतो. धरणाच्या मध्यावर उतरायला जागा नसते.

आता प्रश्न विचारा.