१५८ क्रमांकाची साखर

एप्रिल २००७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने माणसांसाठी बर्ड फ्लूची लस मंजूर केली, तेव्हा तिच्या डोसचा आकडाच काळजीत टाकणारा होता. नेहमीच्या फ्लूच्या लशीत विषाणूच्या एका प्रकारासाठी १५ मायक्रोग्रॅम प्रथिन पुरतं. इथे ९० मायक्रोग्रॅमचे दोन डोस लागत होते, आणि तरीही पुरेशी प्रतिपिंडं तयार झाली ती जेमतेम ४५ टक्के लोकांत. बर्ड फ्लूच्या विषाणूचा एच५ हा प्रकार माणसाच्या शरीराला सर्वस्वी अनोळखी, हे त्याचं एक मोठं कारण. पण लस कशी वागते हे ठरवणारा आणखी एक घटक आहे, आणि त्याची चर्चा प्रयोगशाळांबाहेर फारशी होत नाही. तो म्हणजे साखर.

फ्लूच्या विषाणूच्या अंगावर हिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. याच प्रथिनाने विषाणू पेशीला चिकटतो, आणि लशीने शरीराला ओळख करून द्यायची असते ती मुख्यतः याचीच. हे प्रथिन तयार होत असताना पेशी त्यावर शर्करेच्या फांदीसारख्या साखळ्या जोडते. या क्रियेला ग्लायकोसिलेशन म्हणतात. साखळी कुठेही बसत नाही. अस्पॅराजिन, त्यापुढे प्रोलिन सोडून कुठलंही एक अमिनो आम्ल आणि मग सेरिन किंवा थ्रिओनिन, असा क्रम जुळला तरच तिला जागा मिळते. म्हणजे एक अमिनो आम्ल बदललं तरी साखळी नाहीशी होऊ शकते, किंवा नवी उगवू शकते.

ही साखर विषाणू स्वतः बनवत नाही. ज्या पेशीत तो वाढतो तिच्याकडूनच ती त्याला मिळते. त्यामुळे आपलाच सदरा घालून घरात शिरलेल्या चोरासारखा तो वावरतो आणि साखरेखाली दडलेला प्रथिनाचा भाग प्रतिपिंडांच्या हाती लागत नाही.

हिमॅग्लुटिनिनच्या शेंड्यावरची १५८ क्रमांकाची जागा मला या साऱ्या कथेत सर्वांत महत्त्वाची वाटते. २००७ ची ती लस व्हिएतनाममध्ये २००४ साली सापडलेल्या विषाणूवर बेतलेली होती, आणि त्या विषाणूच्या या जागी साखर होती. २०१२ मध्ये रॉटरडॅमचे रॉन फूशिए आणि विस्कॉन्सिनचे योशिहिरो कावाओका यांच्या गटांनी फेरेट या प्राण्यांमध्ये हवेतून पसरू शकणारे एच५ विषाणू तयार केल्याचं जाहीर केलं. जगभर खळबळ उडाली. दोन्ही गटांच्या विषाणूंतले बदल वेगवेगळे होते, पण दोन्हींकडे १५८ वरची साखर गेली होती. ती नसली की सस्तन प्राण्यांच्या पेशींना चिकटणं विषाणूला सोपं जातं. हल्ली जगभर पक्ष्यांत आणि अमेरिकेत गाईंमध्ये पसरलेल्या २.३.४.४बी या एच५ च्या शाखेतही, १५८ पासून सुरू होणाऱ्या तीन अमिनो आम्लांच्या क्रमातल्या शेवटच्या, म्हणजे १६० व्या जागी थ्रिओनिनऐवजी अ‍ॅलानिन आहे. म्हणजे तिथेही ही साखर नाही. जुनी लस शरीराला झाकलेला भाग दाखवत होती, आजचा विषाणू तोच भाग उघडा टाकून फिरतो. दोघांत इतरही अनेक फरक आहेत, पण हा फरक नजरेआड करण्याजोगा नाही.

उलट दिशेने काय होतं, तेही दिसलं आहे. २०१६-१७ च्या हंगामात माणसांत फिरणाऱ्या एच३एन२ विषाणूने नेमक्या याच भागात नवी साखर मिळवली होती. लशीसाठी तो कोंबडीच्या अंड्यात वाढवला, तर अंड्याशी जुळवून घेताना त्याने ती टाकून दिली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या स्कॉट हेन्सली यांच्या गटाने दाखवलं, की या लशीमुळे तयार झालेली प्रतिपिंडं बाहेरच्या विषाणूला नीट पकडत नव्हती. लस कुठल्या पेशीत तयार होते, हा प्रश्न म्हणूनच केवळ कारखान्याच्या सोयीचा राहत नाही. कीटकांच्या पेशींत बनलेल्या प्रथिनावरच्या साखळ्या आखूड असतात, सस्तन प्राण्यांच्या पेशींत त्या लांब आणि फाटे फुटलेल्या असतात.

मग साखर काढूनच टाकावी का? सगळी काढता येत नाही, कारण प्रथिनाची घडी नीट बसायला तीच मदत करते. तैवानच्या अ‍ॅकॅडेमिया सिनिकातल्या ची-ह्युई वाँग यांच्या गटाने २००९ मध्ये मधला मार्ग काढला. साखळ्या छाटून प्रत्येक जागी शर्करेचा एकच रेणू ठेवला. उंदरांमध्ये या प्रथिनाने पूर्ण साखळ्यांच्या प्रथिनापेक्षा चांगलं संरक्षण दिलं. तैवानमध्येच दुसऱ्या संशोधकांनी नेमकं उलट केलं. सतत बदलणाऱ्या भागांवर मुद्दाम जादा साखर बसवली, जेणेकरून शरीराचं लक्ष न बदलणाऱ्या भागांकडे वळावं. त्यांनाही उंदरांत एच५एन१ च्या अधिक प्रकारांना रोखणारी प्रतिपिंडं मिळाली. साखर किती आहे आणि ती कुठे आहे, हे दोन्ही महत्त्वाचं, हेच यातून ठळकपणे पुढे येतं.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरमध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू सापडला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात २०२४ च्या अखेरीस तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने दगावले. भारताचं धोरण आजवर कोंबड्यांना एच५ ची लस न देता बाधित पक्षी नष्ट करण्याचं राहिलं आहे. फ्रान्सने मात्र ऑक्टोबर २०२३ पासून बदकांना लस द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे ही चर्चा पुढे सरकली, तर लशीची किंमत आणि साठवण यांच्याबरोबर आणखी दोन गोष्टी विचारायला हव्यात: लशीतल्या हिमॅग्लुटिनिनवर साखर कुठे-कुठे आहे, आणि इथल्या पक्ष्यांत सापडणाऱ्या विषाणूवर ती त्याच जागी आहे का.