जकात, बोनस आणि घेणाऱ्याची मान

चिंचवडमध्ये ‘जकात’ म्हटले की चाळिशी ओलांडलेल्या माणसाला आजही नाका आठवतो. मालाच्या ट्रकची रांग, हातात बिले घेऊन उभा असलेला ड्रायव्हर, पावती फाडणारा कारकून. १ एप्रिल २०१३ पासून पिंपरी-चिंचवड महापालिकेने जकात बंद करून स्थानिक संस्था कर लागू केला आणि ते नाके ओस पडले. पण रमजान आला की शहरातल्या मुस्लिम घरांत हाच शब्द पुन्हा ऐकू येतो. तिथे तो कर नसतो, इबादत असते.

मूळ अरबी ‘जकात’ या शब्दात शुद्धी आणि वाढ असे दोन्ही अर्थ आहेत. दख्खनच्या सुलतानांच्या अमलात मालावरच्या कराला हे नाव रुळले, मराठेशाहीच्या कागदपत्रांतही ते राहिले आणि पुढे नगरपालिकांनी ते उचलले. धर्मातली जकात मात्र वेगळी. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी, अथवा तेवढ्या किमतीची शिल्लक चांद्रवर्षभर ज्याच्याकडे राहिली, त्याने तिचा चाळिसावा भाग, म्हणजे अडीच टक्के काढायचा. ही रक्कम कोणाची, हेही ठरलेले आहे. कुरआनात आठ हकदार सांगितले आहेत. गरीब, निराधार, कर्जबाजारी, वाटेत अडकलेला प्रवासी हे त्यांपैकी काही. शब्द ‘हकदार’ आहे, ‘याचक’ नव्हे. जकात देणारा आपल्या पदरचे देत नाही. दुसऱ्याचा वाटा आपल्याकडे राहिला होता, तो तो पोहोचवतो.

कारखान्यांच्या या पट्ट्यात हा फरक समजावून सांगायला फार लांब जावे लागत नाही. भोसरी, तळवडे, चाकणचा कामगार दिवाळीला दोन गोष्टींची वाट पाहतो: गिफ्ट आणि बोनस. गिफ्ट ही मालकाची मर्जी. मिठाईचा डबा येईल, कधी प्रेशर कुकर येईल. बोनसचे तसे नाही. १९६५ च्या बोनस कायद्याने पात्र कामगाराला किमान ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा भाग, हक्काचा केला. तो घेताना कोणी मान खाली घालत नाही. गंमत अशी, की ‘बोनस’ हा लॅटिन शब्द, अर्थ ‘चांगले’. आणि अरबी ‘खैर’चाही अर्थ ‘चांगले’. त्याच ‘खैर’पासून ‘खैरात’ झाली. पण मराठीत आज ‘खैरात वाटली’ म्हटले की उधळपट्टी डोळ्यांपुढे येते, आणि ‘आम्हाला खैरात नको’ हे वाक्य तर मोर्च्यांत हमखास ऐकू येते. अर्थाने सख्खे असलेले दोन शब्द. एकाला प्रतिष्ठा मिळाली, दुसरा हिणवण्यासाठी उरला.

देण्याच्या शब्दांना दिशा असते. ‘इनाम’ वरून खाली येते. चिंचवडला हा शब्द परका नाही. मोरया गोसावींच्या वंशातल्या देव घराण्याला मुसलमानी आणि मराठी, दोन्ही राजवटींत इनामे मिळाली. लॉरेन्स प्रेस्टन यांनी या घराण्यावर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९८९ मध्ये केंब्रिजने प्रसिद्ध केला आहे. ‘नजराणा’ खालून वर जातो. ‘बक्षीस’ या फारसी शब्दाच्या मुळाशी देणे आणि माफ करणे असे दोन्ही अर्थ आहेत. इंग्रजीतही ‘फरगिव्ह’च्या पोटात ‘गिव्ह’ आहेच. आणि मराठीचा ‘भेट’ हा शब्द तर समपातळीवर उभा आहे. दिलेली वस्तूही भेट, आणि दोन माणसे एकमेकांना भेटतात तीही भेट.

रमजानमध्ये या शब्दांची परीक्षा होते. रेशनचे किट हातात देताना फोटो काढला, की हक्काची खैरात होते, तीही मराठीतल्या अर्थाने. म्हणूनच दान गुपचूप द्यावे, अशी शिकवण आहे. जकात देताना ‘ही जकात आहे’ असे घेणाऱ्याला सांगण्याची सक्तीही नाही. मनात नियत असली की पुरे. फित्र्याचा विचारही असाच. ईदच्या नमाजाआधी घरातल्या प्रत्येकाच्या नावाने, तान्ह्या बाळाच्यासुद्धा, ठरावीक धान्य किंवा त्याची किंमत द्यायची. कारण ईदच्या दिवशी कोणाला हात पसरावा लागू नये.

संक्रांतीला मराठी बायका वाण ‘लुटतात’, दसऱ्याला सोने ‘लुटले’ जाते. देणाऱ्याने देण्याला लूट म्हणायचे, म्हणजे घेणाऱ्यावर उपकाराचे ओझे राहत नाही. ईदच्या सकाळी शेजारी शीरखुर्म्याचा डबा जातो, तेव्हाही कोणी दान म्हणत नाही. तो डबा काही दिवसांनी परत येतो तेव्हा रिकामा नसतो. चकली असते, पुरणपोळी असते, नाहीतर निदान चिमूटभर साखर. जकातीचा हिशेब अडीच टक्क्यांवर संपतो. या डब्याचा हिशेब कोणी ठेवत नाही.