मराठी संकेतस्थळांच्या सर्व्हरमधील दोष व मंद प्रतिसाद : निदानाची पद्धती

प्रस्तावना

तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली वाई येथे सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रकाशित झाला. पुढे या कोशातील नोंदी युनिकोड देवनागरीत संकेतस्थळावर उपलब्ध झाल्या. छापील खंड आणि वाचक यांच्यामध्ये ग्रंथालयाच्या कपाटाखेरीज काही नसते. संकेतस्थळावरील मजकूर आणि वाचक यांच्यामध्ये मात्र डेटाबेस, सर्व्हर, जाळे आणि ब्राउझर असे चार टप्पे असतात. त्यांपैकी एका टप्प्यावर दोष राहिला तरी मजकूर अस्तित्वात असूनही वाचकाच्या हाती येत नाही. महाविद्यालयांची नियतकालिके, ग्रंथसूची व स्थानिक इतिहासाची साधने आता संकेतस्थळांवर ठेवली जात असल्याने हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा राहिलेला नाही. प्रस्तुत लेखात अशा दोषांचे निदान कोणत्या क्रमाने करावे आणि मराठी मजकुराच्या बाबतीत कोणती विशेष दक्षता घ्यावी, याचे विवेचन केले आहे.

१. दोषाचे स्थान निश्चित करणे

दुरुस्तीपूर्वी दोष कोठे आहे हे ठरविणे आवश्यक असते. सर्व्हर प्रत्येक विनंतीला तीन अंकी संकेत देतो. ४०४ म्हणजे मागितलेल्या पत्त्यावर काही सापडले नाही. ४०३ म्हणजे सर्व्हरने प्रवेश नाकारला. ५०० म्हणजे सर्व्हरवरील कार्यक्रमात किंवा कॉन्फिगरेशनमध्ये चूक आहे. ५०३ म्हणजे सर्व्हर तूर्त सेवा देऊ शकत नाही. ५०४ म्हणजे पुढच्या सर्व्हरने मागील सर्व्हरची वाट पाहिली, परंतु उत्तर वेळेत आले नाही. नेमके कारण बहुधा सर्व्हरच्या त्रुटी-नोंदवहीत लिहिलेले असते. अपाचे व एन्जिनएक्स या दोन्ही सर्व्हरांत कॉन्फिगरेशनची फाईल लागू करण्यापूर्वी तपासण्याची सोय आहे. मूळ फाईलची प्रत ठेवावी, एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम पाहावा. अनेक बदल एकदम केल्यास कोणत्या बदलाने काय घडले हे कळत नाही.

२. अक्षरे बिघडण्याचे तीन प्रकार

यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘वाई’ या शब्दात व, काना आणि ई अशी तीन चिन्हे असल्याने तो नऊ बाइटांचा होतो. हे बाइट कोणत्या पद्धतीने वाचावयाचे, हे सर्व्हर आपल्या शीर्षात सांगतो. शीर्षातील सूचना पानाच्या आत लिहिलेल्या सूचनेपेक्षा वरचढ ठरते. त्यामुळे पानात यूटीएफ-८ लिहिलेले असूनही सर्व्हरने लॅटिन-१ सांगितल्यास मजकूर बिघडतो.

बिघाडाच्या स्वरूपावरून त्याचे कारण ओळखता येते. चौकोन दिसल्यास बहुधा वाचकाच्या यंत्रावर योग्य फॉन्ट नसतो. मजकूर सुरक्षित असतो. रोमन लिपीतील पहिले अक्षर डोक्यावर तिरकी रेघ घेऊन पुन्हा पुन्हा दिसत असल्यास बाइट चुकीच्या पद्धतीने वाचले जात आहेत. मजकूर बहुधा परत मिळविता येतो. प्रश्नचिन्हांची ओळ दिसल्यास मात्र तातडीने डेटाबेस पाहावा. साठविलेल्या मजकुरातच प्रश्नचिन्हे असतील, तर मूळ अक्षरे तेथून नष्ट झालेली असतात आणि जुन्या प्रतीखेरीज उपाय उरत नाही. मायएसक्यूएलच्या ८.० पूर्वीच्या आवृत्त्यांत मूळ मांडणी लॅटिन-१ ची असल्याने जुन्या संकेतस्थळांच्या स्थलांतरात हा धोका संभवतो. संपूर्ण प्रत घेतल्याशिवाय रूपांतर करू नये.

३. दिसायला एक, बाइटांत दोन

‘कऱ्हाड’ आणि ‘कर्‍हाड’ ही रूपे डोळ्यांना सारखीच दिसतात. पहिल्यात ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह असून एकूण सहा चिन्हे आहेत. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असल्याने सात चिन्हे होतात. सर्व्हर केवळ बाइटांची तुलना करतो. पानाचा पत्ता एका रूपात आणि वाचकाने टंकित केलेला शब्द दुसऱ्या रूपात असेल तर ४०४ हे उत्तर येते. युनिकोडचे प्रमाणीकरण ‘र’ व नुक्ता यांचा ‘ऱ’ करते, परंतु अदृश्य जोडचिन्हाचा हा भेद मिटवीत नाही. त्यासाठी दोन्ही रूपे एकाच नोंदीकडे नेणारा स्वतंत्र नियम लिहावा लागतो. असा नियम ठरविण्यासाठी भाषेच्या अध्यापकाचे साहाय्य आवश्यक आहे.

४. मंद प्रतिसादाची कारणे

मंद पानाच्या बाबतीत प्रथम दोन कालावधी वेगळे मोजावेत : विनंतीपासून पहिला बाइट येईपर्यंतचा आणि तेथून पान पूर्ण उतरेपर्यंतचा. पहिला दीर्घ असल्यास दोष बहुधा सर्व्हर किंवा डेटाबेसमध्ये असतो. दुसरा दीर्घ असल्यास पानाचा आकार व जाळे तपासावे. देवनागरी मजकुरात बाइटांची पुनरावृत्ती पुष्कळ असल्याने सर्व्हरवर जीझिप संक्षेपण सुरू केल्यास पान बरेच लहान होते. जेपीईजी छायाचित्रे आधीच संक्षिप्त असल्याने त्यांना याचा लाभ होत नाही.

डेटाबेसमध्ये शब्द मजकुराच्या मध्ये कोठेही शोधण्याची आज्ञा दिल्यास साधी अनुक्रमणिका उपयोगी पडत नाही आणि प्रत्येक नोंद वाचली जाते. नोंदी वाढतात तसा विलंब वाढतो. अशा ठिकाणी पूर्ण-मजकूर अनुक्रमणिका हवी.

निकालाच्या दिवशी संकेतस्थळ ठप्प झाल्यास एकाच वेळी चालणाऱ्या प्रक्रियांची संख्या वाढविण्याकडे कल असतो. हा उपाय उलटू शकतो. समजा, एक प्रक्रिया ४० मेगाबाइट स्मृती घेते आणि सर्व्हरवर २,००० मेगाबाइट मोकळी आहे; तर ५० प्रक्रिया चालू शकतील. मर्यादा १५० ठेवल्यास ६,००० मेगाबाइट लागतील, सर्व्हर उरलेला भाग डिस्कवर हलवू लागेल आणि सर्वांचेच काम खोळंबेल. येथे मर्यादा कमी केल्याने प्रतिसाद सुधारतो. अपाचेमधील या मर्यादेचे नाव २.४ आवृत्तीत, २०१२ साली, बदलले. जुनी मार्गदर्शके वाचताना हे ध्यानात ठेवावे.

निष्कर्ष

संकेत पाहणे, नोंदवही वाचणे, काळ मोजणे आणि मग एकेक बदल करणे, हा क्रम पाळल्यास बहुतेक दोषांचे मूळ सापडते. मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत यात अक्षरांच्या साठवणुकीची तपासणी जोडावी लागते. मंद पान पुढे वेगवान करता येते, परंतु प्रश्नचिन्हांत रूपांतरित होऊन साठविलेला मजकूर परत येत नाही. म्हणून महाविद्यालयांनी स्थलांतरापूर्वी डेटाबेसची प्रत घेणे, त्या प्रतीतील देवनागरी वाचून पाहणे आणि प्रत्येक बदलाची दिनांकासह नोंद ठेवणे ही कामे ठेकेदारावर न सोडता ग्रंथपाल, भाषा-अध्यापक व संगणक विभाग यांच्याकडे संयुक्तपणे सोपविणे इष्ट ठरेल.