एक कप म्हणजे नक्की किती?

कप हे आकारमानाचे माप आहे, वजनाचे नाही. आहाराची नोंद ठेवताना घोळ होतो तो इथेच. अमेरिकी कप साधारण 237 मिलिलिटरचा. तिथल्या पाकिटांवरच्या पोषण-तक्त्यात तो 240 धरतात, ऑस्ट्रेलियात 250, जपानमध्ये 200. राइस कुकरसोबत येणारा प्लास्टिकचा कप तर बहुधा 180 मिलिलिटरचाच असतो. म्हणून पाककृती कुठली आहे, हे आधी पाहावे.

240 मिलिलिटरच्या कपात पाणी 240 ग्रॅम, साखर सुमारे 200 आणि मैदा जेमतेम 120 ते 125 ग्रॅम मावतो. सर्वात जास्त दगा देते ते पीठच. डब्यात कप खुपसून दाबून भरला, तर वजन सहज 150 ग्रॅमपर्यंत जाते. चमच्याने हलकेच भरून वरून सुरीची पाठ फिरवली, तरच आकड्यावर भरवसा ठेवता येतो. अशा सपाट मापांचा आग्रह बोस्टनच्या फॅनी फार्मर यांनी 1896च्या आपल्या पाककृतींच्या पुस्तकात धरला होता.

भात खाणाऱ्यांनी तर विशेष जपावे. कपभर कच्च्या पांढऱ्या तांदळात 650 ते 700 कॅलरी असतात, कपभर शिजलेल्या भातात साधारण 200. अ‍ॅपमध्ये ‘शिजलेला’ऐवजी ‘कच्चा’ निवडला गेला, की दिवसाचा सगळा हिशेब कोलमडतो.

आपली वाटी घरोघरी वेगळी. ती रिकामी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा आणि काठोकाठ पाणी भरावे. जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर.