काय पाठवू, ते सांगा

ऑगस्ट २०१९. सांगलीचा पूर ओसरला आणि आम्ही गावभागातल्या आमच्या घरी परतलो. पहिलं काम चिखल काढण्याचं आणि दुसरं कागद वाळवण्याचं. कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून बायकोनं आणि मी एकेक कागद टांगला. मुदत ठेवींच्या पावत्या, पासबुकं, घराचा उतारा, मुलीच्या मार्कलिस्टा आणि माझ्या एका अर्ध्यामुर्ध्या कादंबरीचं हस्तलिखित. शाईनं लिहिलेलं बहुतेक सगळं निळ्या डागांत विरघळलं होतं. कादंबरी गेली, त्यात मराठी साहित्याचं फार नुकसान झालं असं नाही. पण एक पोस्टकार्ड मात्र अक्षर न् अक्षर वाचता येत होतं, कारण ते पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. डिसेंबर १९६७ मधलं. पाटण तालुक्यातल्या एका शिक्षकानं साताऱ्याला माझ्या वडिलांना पाठवलेलं.

‘कपडे पुरे झाले. कंदील, कंदिलाच्या काचा आणि घोंगड्या पाठवा. दौत ढिगाऱ्यात गेली म्हणून पेन्सिलीनं लिहितो आहे.’

एवढाच मजकूर. तो वाचला आणि मी चिखलातच एका उलट्या बादलीवर बसलो. गेल्या पन्नास वर्षांत दूरच्या संकटाला आपण कसे सामोरे गेलो, याचा सगळा हिशेब त्या दोन ओळींत होता.

११ डिसेंबर १९६७ ची पहाट मला आठवते ती भांड्यांच्या आवाजानं. मी सात वर्षांचा होतो. चार वाजून वीस मिनिटांच्या सुमाराला साताऱ्यातल्या आमच्या घराच्या फळीवरचे पितळी डबे एकापाठोपाठ एक खाली आले. आईनं आम्हा भावंडांना पांघरुणासकट उचलून अंगणात नेलं. त्यानंतर कित्येक रात्री आख्खी आळी अंगणात शेकोटीभोवती झोपली. ‘धरण फुटलं’ ही अफवा दिवसातून दोनदा यायची. कोयनेचं धरण फुटलं नाही. त्याच्या काही भागांना तडे गेले, ते नंतर मजबूत करण्यात आलं आणि आजही ते उभं आहे. पण कोयनानगर परिसरात घरं पडली आणि सुमारे १८० माणसं गेली. हादरा एकच. साताऱ्यात त्यानं डबे पाडले, पाटणच्या खोऱ्यात भिंती पाडल्या.

वडील प्राथमिक शिक्षक. शाळेत मदतफेरीची तयारी सुरू झाली तेव्हा त्यांनी आधी पाटणकडच्या आपल्या एका सहाध्यायी शिक्षकाला जोडकार्ड टाकलं : काय पाठवू, ते कळवा. शेजारी चिडले. ‘गुरुजी, घर जळत असताना विचारत काय बसता?’ वडील म्हणाले, ‘भाकरी गेली कालच्या एसटीनं. आता पुढचं विचारतोय.’ चार दिवसांनी उत्तर आलं, ते हे पोस्टकार्ड. डिसेंबरातली थंडी, सतत बसणारे धक्के, घरात जायची भीती आणि उघड्यावर अंधार. बायामाणसांना रात्री उजेड हवा होता. साताऱ्यात बसून हे कुणाला सुचलं नसतं. मग आमच्या वर्गानं घरोघरी जाऊन कंदील मागितले. मी स्वतः चार काचा वर्तमानपत्रात गुंडाळून शाळेत नेल्या आणि एकही फुटू दिली नाही, हा माझा त्या वयातला मोठा पराक्रम.

हे सगळं मी पुढे साफ विसरलो.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन करून माणसं उशिरा झोपली होती आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी आणि आसपासची गावं जमिनीत गेली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत हजारो माणसं मेली. भूकंप फार मोठा नव्हता. मोठ्या होत्या भिंती. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या, मातीत बसवलेल्या दगडांच्या, आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात ज्या घरानं थंडावा दिला त्याच घरानं माणसं गाडली.

मी तेव्हा सांगलीत बँकेत अधिकारी होतो. दूरदर्शनवर ती दृश्यं पाहिली आणि आमच्या शाखेत त्याच दिवशी डबा फिरला. पैसे जमले, पण कपडे त्याहून जास्त. दोन दिवसांत पासष्ट पोती भरली. टेलिफोन होता, कुणाला तरी फोन लावून विचारता आलं असतं. कुणालाही ते सुचलं नाही. पोस्टकार्डवाल्या गुरुजींच्या मुलालाही नाही. ट्रकवर कापडी फलक बांधून आम्ही चौघे सोलापूर, तुळजापूर करत निघालो तेव्हा छाती फुगलेली होती.

गावाच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपड्यांचे ढीग पडलेले दिसले. पावसात भिजून चिखलात रुतलेले. कोट, मुलांचे फ्रॉक, नायलॉनच्या साड्या, एक जरीची शेरवानी. माणसं त्यांच्यावरून पाय देऊन जात होती. आमची पोती कुठं उतरवायची म्हणून मी विचारलं तेव्हा गावच्या सोसायटीचे सचिव पुढे आले. त्यांना सगळे अण्णा म्हणत. घरातली तीन माणसं गेलेली. आवाज न चढवता ते म्हणाले, ‘साहेब, कपडे चांगले आहेत. पण ठेवायला घर नाही.’

मी काय बोलणार? थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, ‘तुम्ही बँकेतले ना? मग एक काम कराल का?’ गावात कितीतरी खातेदार गेले होते. पासबुकं ढिगाऱ्याखाली. नामनिर्देशनाची सोय १९८५ पासून होती, पण खेड्यात ती किती जणांनी केलेली असणार? आणि ज्यांनी केली होती त्यांनी बायकोचं नाव लावलेलं. तीही त्याच भिंतीखाली. आता मागं राहिलेल्या म्हाताऱ्या आईनं, अठरा वर्षांच्या पोरानं पैसे मागायचे कसे? अर्ज कुठला, दाखला कुणाचा, हमीपत्र कशावर? हे मला येत होतं. आयुष्यभर तेच तर केलं होतं.

ट्रक परत गेला, मी तीन दिवस राहिलो. एका ताडपत्रीखाली लोखंडी पेटीचं टेबल करून अर्ज लिहिले. किती लिहिले ते मोजले नाहीत. एक म्हातारी अंगठा उठवण्याआधी माझ्या हातातल्या कागदाकडे बघून म्हणाली, ‘यात त्याचं नाव आहे का, बघ बाबा नीट.’ मी मुलाचं नाव मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं ते पुन्हा वाचायला लावलं. मग अंगठा उठवला.

बँकेत आम्हाला पहिल्या दिवसापासून दुहेरी नोंद शिकवलेली असते. इथं नावे पडलं तर तिथं जमा झालंच पाहिजे, नाहीतर संध्याकाळी ताळा जुळत नाही. त्या पासष्ट पोत्यांची आमच्याकडे नावे नोंद झाली होती. समाधान मिळालं, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. पण त्या गावात जमा काहीच झालं नाही. पुढे तिथल्या बावन्न गावांचं नव्या जागी पुनर्वसन झालं, देशभरातल्या देणगीदारांनी आणि संस्थांनी घरं बांधली. ते मोठंच काम होतं. तरी मी नंतर गेलो तेव्हा अण्णा नव्या गावचे सरळ, रुंद रस्ते दाखवत म्हणाले, ‘घर पक्कं आहे, साहेब. पण जुन्या गावात ओट्यावरून हाक मारली की शेजारी ओ देत होता. इथं चालत जावं लागतं.’ तक्रार नव्हती ती. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, इतकंच.

याच लातूरची दुसरी गोष्ट २०१६ च्या उन्हाळ्यातली. पाणी इतकं आटलं की मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लागू करावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी सोडायचं ठरलं. राजस्थानातल्या कोट्याच्या कारखान्यात स्वच्छ केलेल्या टाक्यांचे वॅगन आले, मिरज स्थानकात त्यांत कृष्णेचं पाणी भरलं आणि पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर लातूरला पोचलं. पहिल्या गाडीत दहा वॅगन आणि पाच लाख लिटर पाणी. काही दिवसांतच पन्नास वॅगन, पंचवीस लाख लिटर. एके काळी याच मार्गावर बार्शी लाईटची नॅरोगेज गाडी रमतगमत जायची. रूळ रुंद झाले नसते तर या गाडीला तिथं जाताच आलं नसतं.

तेव्हा आमच्याकडे कुरकुर झाली नाही असं नाही. ‘आधी आपल्या जत-आटपाडीला द्या,’ असं मी चहाच्या टपरीवर ऐकलं, आणि ते बोलणारा माणूस वाईट नव्हता. त्याचं सासर-माहेर सगळं जतचं. माण-खटावचा पाहुणा आला असता तर तोही तेच म्हणाला असता. दुष्काळ दूरचा आणि जवळचा असे दोन असतात आणि जवळचा आपल्याला सवयीचा झालेला असतो. पण त्या गाडीत एक गोष्ट पक्की होती. काय हवंय, किती हवंय, कुठं उतरवायचं, पुढे टँकरनं कसं न्यायचं, हे सगळं दोन्ही बाजूंना ठाऊक होतं. पाणी मागितलं, पाणी दिलं. ताळा जुळला.

आणि मग २०१९ ला पाळी आमची. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ च्या पुरात पाणी त्याच्या बरंच वर गेलं होतं. तोच उच्चांक, असं आम्ही धरून चाललो होतो. या वेळी ते ५७ फुटांवर गेलं. कऱ्हाडला कोयना कृष्णेला मिळते. सातारा जिल्ह्याच्या डोंगरात पडलेला पाऊस आमच्या उंबऱ्याशी येतो. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसं हलवणारी बोट उलटली आणि सुटका होता होता माणसं बुडाली. पुण्याहून भाचीचा फोन आला, ‘मामा, कोयनेच्या धरणाला तडा गेलाय म्हणे, मोबाईलवर आलंय.’ मला एकदम साताऱ्याची शेकोटी आठवली. बावन्न वर्षांत अफवेनं फक्त वाहन बदललं होतं.

आम्ही एका शाळेत आठ दिवस होतो. महाराष्ट्रातून मदत आली, अक्षरशः रांगा लागल्या. पहिल्या दोन दिवसांत आलेल्या पोळीभाजीचे, पाण्याच्या बाटल्यांचे उपकार मी विसरणार नाही. त्या वेळी कुणी विचारत बसू नये. भुकेल्याला भूक लागली का म्हणून विचारायचं नसतं. पण तिसऱ्या दिवसापासून कपड्यांची पोती यायला लागली. शाळेचा व्हरांडा भरला. मला एका तरुणानं पिशवी दिली. आत कुणाची तरी वापरलेली पँट, कमरेला चार इंच मोठी, आणि बिस्किटांचे पुडे. त्यानं मोबाईल वर धरला आणि अदबीनं विचारलं, ‘काका, फोटो काढू का?’

त्या आठवड्यात मला विचारलेला तो एकच प्रश्न. मी मान हलवली आणि फोटो काढू दिला. पोरगा रात्रभर प्रवास करून आला होता, डोळे लाल होते. त्याला मी काय बोलणार? २६ वर्षांपूर्वी मी स्वतः ट्रकवर फलक बांधून गेलो होतो. फक्त तेव्हा मी देणाऱ्यांच्या बाजूला होतो आणि ठेवायला घर नसलेल्यांच्या जागी अण्णा होते.

नवव्या दिवशी फोन वाजला. अनोळखी नंबर. ‘काका, मी अण्णांचा मुलगा. किल्लारीकडून बोलतोय. अण्णा आता नाहीत. तुमचा नंबर त्यांच्या वहीत होता.’ मग क्षणभर थांबून, ‘काय पाठवू, ते सांगा. कपडे पाठवणार नाही.’

मी हसलो की रडलो, मला आता सांगता येत नाही. बायकोला विचारलं, शेजारच्या वहिनींना विचारलं आणि यादी सांगितली : फावडी, पाट्या, खराटे, फिनेल, ब्लीचिंग पावडर. आणि जमलं तर माणसं, कारण आमच्या गल्लीत सगळे साठीच्या पुढचे. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा टेंपो आला. एमएच २४ नंबरचा. सात पोरं उतरली, त्यांतल्या कुणाचाच ९३ सालानंतरचा जन्म लपत नव्हता. दोन दिवसांत त्यांनी गल्लीतली अकरा घरं धुऊन काढली. एकानं विचारलं, ‘काका, हा कागदांचा गठ्ठा टाकायचा का?’ मी म्हटलं, थांब, ते वाळवायचेत.

त्याच गठ्ठ्यात ते पोस्टकार्ड निघालं.

पाऊस दर वर्षी येणार आहे आणि कुठं ना कुठं अति होणार आहे. २०२१ च्या जुलैत आमच्याकडे पुन्हा पाणी आलं आणि त्याच पावसात पाटण तालुक्यात दरडी कोसळून माणसं गेली. त्या वेळी मी एवढंच केलं : तिथल्या ओळखीच्या एका माणसाला फोन लावला. लागायला दीड दिवस लागला. लागला तेव्हा त्यानं काय हवंय ते सांगितलं. ती यादी मी त्याच पोस्टकार्डाच्या उरलेल्या कोऱ्या जागेत लिहून घेतली. पेन्सिलीनं.